'कुठं' न विचारायचं घर

आमच्या घरात प्रत्येकाचा कशावर ना कशावर ठाम विश्वास होता. आप्पांचा एरंडेलावर होता. अवस सरली की दुसऱ्या दिवशी पहाटे ते सुंठीच्या कढत काढ्यातून एरंडेल घ्यायचे आणि त्या दिवशी घरादारानं त्यांच्यापासून जरा लांबूनच वागायचं. निम्मी दुखणी पोटातून होतात आणि निम्मी तोंडातून, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याला एरंडेल, दुसऱ्याला गप्प बसणं. दोन्ही औषधं त्यांनी जन्मभर नेमानं घेतली. आईचा विश्वास मशेरीवर होता. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, तिचा धूर सोप्यातून अंगणात, अंगणातून गोठ्यात जायचा, म्हशीसुद्धा शिंकायच्या. मग ती चुरून डबीत भरायची आणि सकाळी उंबऱ्याशी बसून, एक बोट दातांवर फिरवत, आई दिवसभराची कामं सांगायची. तोंडात मशेरी असल्यामुळं निम्मे शब्द कळायचे नाहीत आणि न कळलेलं काम राहिलं की बोलणी बसायची. तिचे दात मात्र शेवटपर्यंत शाबूत होते, हे इथं सांगायला हवं. काळे होते, पण शाबूत होते.

घर कडेगावाकडच्या एका वाडीत. विहिरीवर मोट, मोटेवर ऊस, आणि थंडी पडली की आमच्याच मळ्यात गुऱ्हाळ. त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूला गुळाचा वास यायचा. भाकरीला, गोधडीला, केसांना. सकाळी ज्वारीची शिळी भाकरी आणि काकवी, दुपारी भाकरीवर खरडा आणि कच्च्या तेलाची धार, रात्री हुलग्याचं माडगं. ऊस पिळणाऱ्या चरकाची करकर इतकी अंगवळणी पडायची की ती थांबली तरच जाग यायची. आता साताऱ्यात माझ्या खिडकीखालून दिवसभर वाहनं जातात आणि मुलं म्हणतात, आई, तुला याचा त्रास कसा होत नाही. आवाजात झोपायला मी तिथंच शिकले.

मशेरीपेक्षाही आईचे नेम मोठे. मीठ हातावर द्यायचं नाही, खाली ठेवायचं, घेणाऱ्यानं उचलायचं. दिवेलागणीनंतर केसांतून फणी फिरवायची नाही. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हे सगळ्यांच्याच घरी असतं. पण आमच्याकडं त्यातला एक नेम असा पाळायचे, जसा दुसऱ्या घरात उपास पाळतात. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर 'लांब का?' एवढं चालायचं. चुकून कुणाच्या तोंडून 'कुठं' गेलंच, तर निघालेल्यानं माघारी यायचं, पायातलं काढायचं, सोप्यात टेकायचं, गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. आईच्या थोरल्या भावाला अंगणातून निघताना शेजारणीनं सहज विचारलं होतं, "कुठं रं दादा?" तो हसून तसाच पुढं गेला, आणि कृष्णेच्या पाण्यातून माघारी आला नाही. आई हे सांगायची तेव्हा रडायची नाही. एखाद्या वाटेवर खड्डा आहे असं सांगावं तसं सांगायची.

या नेमाची गंमतही व्हायची. आप्पा बाजाराला गेलेत की बैल बघायला की नुसतेच पारावर, हे संध्याकाळी ते आल्यावर कळायचं. बेचाळीसच्या धामधुमीच्या दिवसांत एकदा पोलीस आमच्या एका भाऊबंदाचा माग काढत दारात आले. तो आदल्या दिवशी आमच्याकडं जेवून गेला होता. जमादारानं दरडावलं, "कुठं गेला सांगा." आई मशेरीचं बोट तोंडातून काढून म्हणाली, "आवं जमादार, आमच्यात इचारत न्हाईत." आणि ते खरं होतं.

माझा थोरला भाऊ, दादा, पलटणीत होता. रजेवर यायचा तेव्हा तोही स्वतःचे नेम घेऊन यायचा. पत्र्याच्या डब्यातली पांढरी दातांची पावडर, दाढीचं यंत्र, पांढऱ्या टमरेलात काळा चहा. आणि बूट. बूट म्हणजे त्याचा देव. रोज सकाळी अंगणात दगडावर बसून तो त्यांना थुंकी लावून घासायचा. "इंदे, बघ, तोंड दिसतंय का?" मी वाकून बघायची आणि म्हणायची, "दिसतंय, पर काळं." तो मला कापड फेकून मारायचा. त्या बुटांना लांबलचक नाड्या होत्या. त्या बांधायला वेळ लागायचा आणि सोडायला त्याहून जास्त. नाड्यांचं एवढ्यासाठी सांगते, की पुढं सगळं त्यांच्यावरच अडलं.

वहिनी माधवनगरची. तिचा बाप गिरणीत कामाला. ती आमच्या घरात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक पत्र्याची डबी होती आणि डबीत गुलाबी साबण. आमच्याकडं डोक्याला शिकेकाई आणि अंगाला माती किंवा डाळीचं पीठ. साबण फार तर कपड्यांना, तोही दादा रजेवर असताना. वहिनी न्हाणीतून बाहेर आली की सोप्याभर वास सुटायचा. आई म्हणायची, "बाई न्हाली का देवळात पूजा झाली?" वहिनी म्हणायची, "पूजाच म्हना, आत्याबाई. देवाला तरी रोज कोन न्हाऊ घालतं." आईला हसू यायचं, पण ती ते पदराआड लपवायची. वहिनीला आमचे नेम लक्षात ठेवायला वेळ लागला. मीठ हातावर दिलं, दिवे लागल्यावर वेणी घातली, एकदा तर आप्पांना "जावा आता" म्हणाली. पण 'कुठं' तिनं पहिल्या दिवसापासून पाळलं. मी तिला त्या मामाचं सांगितलं होतं, आणि तिला पाण्याची भीती होती.

मला तिनं लळा लावला. साबणाची वडी दोऱ्यानं कापून तिनं मला एक पातळ चकती दिली, अर्धपारदर्शक, उजेडात धरली तर पलीकडचं लालसर दिसायचं. ती मी वापरली नाही. परकराच्या घडीत ठेवून दिली. तेव्हा मी पोलक्यातून लुगड्यात जायच्या वयाची होते. घरात आपल्याला कुणी विशेष समजावं असं फार वाटायचं, आणि वहिनी येईस्तोवर तसं समजणारं कुणी नव्हतं.

दादाची रजा संपली त्या सकाळी आमच्या घरात जे झालं, ते आता लिहिते. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलांनाही नाही.

आई चुलीपुढं दादाच्या वाटेसाठी धपाटी करत होती. आप्पा ट्रंक गड्याच्या डोक्यावर देऊन पुढं नाक्यावर मोटार थांबवायला गेले होते. निघणाऱ्याला समोर भरलेला तांब्या दिसावा म्हणून वहिनी पाणी घेऊन दाराआड उभी, तिच्या मागं मी. दादा आईच्या पाया पडला, धपाट्याचं गाठोडं घेतलं, "येतो" म्हणाला आणि उंबरा ओलांडून अंगणात उतरला. आई परत चुलीकडं गेली; रडू येऊ नये म्हणून गेली असणार. या खेपेला समुद्रापल्याड धाडणार, एवढंच त्यानं सांगितलं होतं. तो अंगणाच्या कडेला पोचला आणि माझ्या तोंडून गेलं, "पर कुठं?"

दोनच शब्द. मी मोठ्यानं म्हणाले नव्हते, पण चरक त्या दिवशी बंद होता.

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "कुनी इचारलं?"

दाराआड आम्ही दोघी. आईचे डोळे वहिनीवर गेले. जायचेच. नवरा निघालेली बाई विचारणार, त्यात ती गावाकडची नव्हे, गिरणीकडची. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली जमिनीकडं बघितलं. मग ती म्हणाली, "चुकलं, आत्याबाई."

दादा हसत माघारी आला. "आगं एवढं काय, आई? आन गूळ." तो सोप्याच्या कडेवर टेकला. आई म्हणाली, "बूट काढ." तेवढ्यात नाक्यावरून मोटारीचा भोंगा आला. दादा म्हणाला, "नाड्या सोडंस्तवर मोटार कऱ्हाडला पोचंल, आई. बसलोय न्हवं?" त्यानं खडा तोंडात टाकला, वहिनीच्या हातातला तांब्या घटाघटा प्याला आणि उसाच्या बांधावरून पळत सुटला. आई त्या बुटांच्या ठशांकडं बघत राहिली. सोप्याच्या कडेशी, नुकत्याच सारवलेल्या अंगणात ते नीट उमटले होते.

सुरुवातीला दादाची पत्रं येत होती. मग येईनाशी झाली.

आईनं आकांत केला नाही. तसा केला असता तर वहिनीला सोपं गेलं असतं. आईनं फक्त नेम वाढवले. तिनं स्वतः गूळ सोडला, आमच्याच गुऱ्हाळाचा गूळ, ऐन हंगामात. पायात वहाण घालायची सोडली. आणि वहिनीला एक दिवस सांगितलं, अगदी शांतपणे, की घरातलं माणूस बाहेर निघताना तिनं दारात थांबू नये. "तुजा काय दोष न्हाई, पोरी. तू इचारलंस, त्यो बसला. पर बूट घालून बसला. अर्धंच झालं." तेव्हापासून आप्पा मळ्यात निघाले की वहिनी आपणहून गोठ्याच्या पलीकडं जाऊन उभी राहायची. हळूहळू वाडीतल्या बायकाही बाजाराला निघताना आमच्या दारावरून जायच्या आधी डोकावून बघायला लागल्या, ती अंगणात नाही ना. एकीनं तर मलाच विचारलं, "तुजी वैनी आत हाय का गं? मग जाते."

आता भरला तांब्या घेऊन दारात मी उभी राहू लागले.

मी तेव्हा सांगू शकले असते. पहिले काही दिवस भीती होती. आईचा हात जड होता. पण भीती तेवढीशी टिकत नाही. खरं कारण मला आज लिहायला हवं. मला तो तांब्या आवडायला लागला होता. आप्पा निघताना माझ्याकडं बघत, मग पाऊल टाकत. आई म्हणायची, "इंदी हुबी हाय न्हवं? मग जावा." घरात पहिल्यांदाच माझ्या असण्यावर काही अडत होतं. दाराच्या पलीकडं, गोठ्याच्या भिंतीआडून, गुलाबी साबणाचा वास यायचा. मग तोही यायचा बंद झाला. वहिनी डाळीच्या पिठानं न्हायला लागली होती. मी तिला कारण विचारलं नाही.

तिनं मला कधी एका शब्दानं टोकलं नाही. एकदाच, जात्यावर बसलो होतो, समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. ती म्हणाली, "इंदू, तुला मार बसला असता. मला वाटलं, मला नुसती बोलनी बसतील." मी दाणे टाकत राहिले. ती म्हणाली, "जरा सावकाश टाक. भरड पडतंय." विषय तिथंच संपला. म्हणजे मी संपवला.

मग तो कडेगावच्या बाजाराचा दिवस. आई बाजाराला गेली होती, आप्पा गुऱ्हाळावर. मी सोप्यात शेंगा फोडत होते. वहिनी आतून आली. अंगावर लग्न होऊन येताना नेसलेलं लुगडं, हातात गाठोडं. ट्रंक नव्हती. तिनं साबणाची डबी माझ्याजवळ ठेवली, हातावर दिली नाही, खाली ठेवली. मिठासारखी. मग उंबरा ओलांडला, वहाणा घातल्या आणि म्हणाली, "येते."

आणि थांबली.

ती अंगणात उतरली नाही. वहाणा पायात घालून, पाठमोरी, उंबऱ्याच्या पलीकडं नुसती उभी राहिली. चरकाची करकर चालू होती. मग मान अर्धी वळवून म्हणाली, "काय इचारायचं न्हाई व्हय गं, इंदू?"

मला कळलं होतं. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा सरळ बोलले नाही. मी 'कुठं' म्हणाले असते तर तिला माघारी यावं लागलं असतं. वहाणा काढाव्या लागल्या असत्या, सोप्यात टेकावं लागलं असतं. मी गूळ आणला असता, पाणी आणलं असतं, तेवढ्यात आई आली असती, आणि मग जे बोलायचं होतं ते कुणीतरी बोललं असतं. घरातल्या सगळ्या नेमांत माणसाला थांबवणारा तो एकच शब्द होता. ती त्याच शब्दासाठी उभी होती.

मी म्हणाले, "लांब का?"

ती हसली. "न्हाई," म्हणाली, "जवळच." आणि ओढ्याच्या वाटेनं गेली.

संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, ती निघाली तेव्हा मी काही विचारलं नाही. आई बाजाराची पाटी उतरवत म्हणाली, "बरं केलंस." त्या रात्री आम्ही माडगं प्यालो. त्यात मीठ जास्त झालं होतं. रोज वहिनी करायची, त्या दिवशी मी केलं होतं.

पुढच्याच हंगामात दादाचं पत्र आलं. शत्रूच्या कैदेत होता, जिवंत होता. लढाई संपल्यावर तो परतही आला, वाळलेला, पण हातीपायी धड. आई गावभर गूळ वाटत सांगत होती, "ती गेली आन् माझं लेकरू आलं." नेम खोटा ठरायची एकच संधी होती, दादा परत येण्याची. आणि तो परत आला तर नेम आणखी खरा ठरला. मी तेव्हाही सांगितलं नाही. दादा एकदा माधवनगरला जाऊन आला. आल्यावर सोप्यात बसून त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या, एकेक, सावकाश, जणू कुणी त्याला तेच काम सांगितलं होतं. "ती काय म्हनली?" आईनं विचारलं. दादा म्हणाला, "काय न्हाई. चहा दिला." दुसऱ्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झालं. मी आप्पांच्या मागं लागून साताऱ्याला शिकायला गेले. आप्पांना वाटलं, पोरीला शिक्षणाची ओढ. मला त्या दारापासून लांब जायचं होतं, एवढंच. मास्तरीण झाले ती त्यातून.

गेल्या थंडीत सांगलीला एका लग्नाला गेले होते. आप्पा, आई, दादा, तिघंही आता नाहीत. लग्नघरातून निघाले आणि एसटी स्टँडकडं जाण्याऐवजी माधवनगरच्या गाडीत बसले. कामगारांच्या चाळीत तिचं घर सापडायला अडचण पडली नाही. गिरणीत सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांत ती सगळ्यांना माहीत होती. दारात बसून ती मशेरी लावत होती. मला बघून तिनं बोट तोंडातून काढलं, चूळ भरली आणि म्हणाली, "इंदू? आगं, तू तर पांढरी झालीस."

"तू मशेरी कवापासनं लावतीस, वैनी?" माझ्या तोंडी चाळीस वर्षांनी ती भाषा आपोआप आली.

"रातपाळीत सगळ्याच लावायच्या. तुज्या आईचं खरं हाय, दात ऱ्हात्यात. पर साबन सोडला बग. सुतानं हात फुटायचं, साबन झोंबायचा." मग माझ्याजवळ वाकून तिनं वास घेतला आणि खळखळून हसली. "आन् तू अजून त्योच लावतीस!"

खरं होतं. त्या वासाचा साबण मी जन्मभर वापरला. घरात कुणी दुसरा आणला तर माझं चालत नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

आम्ही चहा प्यालो. ती भावाच्या नातवंडांबद्दल बोलली, गिरणीबद्दल बोलली. दादाच्या आजारपणाचं तिनं विचारलं, मी सांगितलं, ती ऐकून "बरं" म्हणाली. जे बोलायला मी आले होते ते चहाच्या कपाखाली राहिलं. कप रिकामा झाला. शेवटची एसटी आहे, असं म्हणून मी उठले, वहाणा घातल्या, "येते" म्हणाले आणि पायरी उतरले. मनाशी म्हणत होते, येऊन गेलो हे पुष्कळ झालं. आपल्यासारख्या माणसांना एवढंच जमतं.

मागून आवाज आला.

"कुठं निघालीस गं?"

मी वळले. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. हसत नव्हती. तिला नेम चांगला आठवत होता.

मी माघारी आले. वहाणा काढल्या. तिनं आतून गुळाचा खडा आणि तांब्या आणून माझ्यापुढं खाली ठेवला आणि समोर बसली. गूळ चिकट होता, तोंडात लवकर विरघळेना. तो विरघळेपर्यंत मला बोलता येत नव्हतं, आणि ती थांबली होती.

"त्या दिवशी," मी म्हणाले, "मी इचारायची तू वाट बघत हुतीस. मला कळलं हुतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. म्हणेल, बरं झालं, नाही तर जन्म त्या गोठ्यामागं गेला असता. दोन्ही उत्तरं मी स्वतःला अनेकदा दिली होती.

"व्हय," ती म्हणाली. "बघत व्हते."

मग तिनं तांब्या माझ्याकडं सरकवला. "पानी पी," म्हणाली. मी प्यायले. एसटीची वेळ टळून गेली होती.